खड्डे मोजणारे आणि झाडं मोजणारे

(बचत गटांच्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या पदाधिकाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझी ओळख करून देताना ताईंनी ‘मूल्यमापन तज्ज्ञ’ म्हटलं. तेव्हा आधी माझीच फजिती सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका संस्थेत पाणलोटाच्या कामावर देखरेखीला होतो. दर महिन्याला अहवाल वर पाठवायचा: खड्डे किती, रोपं किती. आमचा तक्ता कायम शंभर टक्के! एकदा भर उन्हाळ्यात बांधावर टेप धरून उभा होतो. गुरं चारणारा एक म्हातारा म्हणाला, ‘‘साहेब, तुमी खड्डे मोजून राह्यले, झाडं कोन मोजीन?’’

पाहिलं, तर त्या उतारावर जगलेली रोपं बोटांवर मोजण्याइतकी. आमच्यापैकी कुणी खोटं लिहिलं नव्हतं. ‘जगलेली झाडं’ असा रकानाच तक्त्यात नव्हता. पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं, की पुन्हा शंभर टक्के.

याच्या उलट उदाहरण आपल्याच विदर्भातलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं १९९३ पासून ३९ गावांमध्ये नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. शेजारची ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच बाईला शिकवलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला मोठं वाटतं ते पुढचं. जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारे वेगळे होते आणि घरोघरी फिरून ती पडताळणारे वेगळे. शिवाय ‘आम्ही इतक्या भेटी दिल्या’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. बाळ जगलं का, हे मोजलं. हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तीनेक वर्षांत २५च्या आसपास आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं.

आता अवघड गोष्ट. समजा, मासिक बैठकीत एखाद्या ताईनं ‘एक बाळ दगावलं’ असं सांगितलं आणि सगळे तिच्यावरच तुटून पडले. पुढच्या खेपेला ते बाळ कागदावर ‘मृतच जन्मलं’ असं होणार. आकडा सुधारला, बाळ गेलंच. म्हणून वाईट आकडा आणणाऱ्या माणसाला मी आधी चहा पाजतो, मग कारण विचारतो. चौकशी करू नका असं नाही. पण आकडा लपवणाऱ्याची करा.

आणि हिशेब द्यायचा कुणाला? आपली नजर कायम वर, तालुक्याकडे. २००५च्या रोजगार हमी कायद्यातलं कलम १७ मात्र सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे देत होतं. ज्यानं माती उचलली, त्याच्यासमोर हजेरीपट वाचायचा. ‘मी तर त्या आठवड्यात माहेरी होते, माझी हजेरी कशी लागली?’ असं एखादी बाई उठून विचारते, तेव्हा कुठलाही ऑडिटर फिका पडतो.

तुमच्या कंपनीचंच घ्या. सोयाबीन किती क्विंटल घेतलं, हे तुम्ही फळ्यावर लिहिता. छान. पण पैसे खात्यावर यायला किती दिवस लागले? कडता, म्हणजे वजनातली कपात, किती गेला? मागच्या हंगामातले किती सभासद यंदा पुन्हा तुमच्याच काट्यावर आले? हा तिसरा आकडा काढायला कुणी तयार होत नाही, कारण तो अध्यक्षांना झोंबतो.

चहा येईपर्यंत आपापलं सभासद रजिस्टर उघडा. यंदा न आलेल्यांपैकी कोणतीही पाच नावं लिहा. जेवणानंतर त्यांना इथूनच फोन लावू. फोन सचिवांनी लावायचा नाही.