दार बिघडलं तीच पेशी वाढली: सेक-ए जीन कसा सापडला

नमस्कार मंडळी, आज एकाच जीनबद्दल बोलायचंय, सेक-ए, आणि खरं सांगू का, मला त्या जीनइतकीच तो शोधायची युक्ती आवडते, म्हणून आज तीच नीट सांगतो.

आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा बॅक्टेरिया घ्या. त्याच्या पेशीला दोन पडदे असतात. प्रोटीन्स बनतात आत, पण त्यातल्या बऱ्याच जणांचं काम पडद्यात नाहीतर दोन पडद्यांच्या मधल्या जागेत असतं. अशा प्रोटीनच्या सुरुवातीला वीसेक अमिनो आम्लांचा तुकडा असतो, सिग्नल सिक्वेन्स, पार्सलवरच्या पत्त्यासारखा. पण तो पत्ता बघून पार्सल ढकलतं कोण?

हार्वर्डमध्ये जॉन बेकविथच्या लॅबने काय केलं बघा. माल्टोज नावाची साखर पकडणारं एक प्रोटीन बाहेर जातं, त्याच्या मागे त्यांनी बीटा-गॅलॅक्टोसिडेज जोडलं, म्हणजे लॅक्टोज ही दुधातली साखर फोडणारं एन्झाइम, एरवी आतच राहणारं आणि भलं मोठं, हजारावर अमिनो आम्लांचं. आता सिग्नल म्हणतो बाहेर चल, ते निघतं आणि पडद्यातच अडकतं. अडकलं की काम बंद, आणि खायला फक्त लॅक्टोज दिलेली पेशी उपाशी.

आता इथे लक्ष द्या. बाहेर पाठवणारी यंत्रणाच म्युटेशनने, म्हणजे जीनमधल्या बदलाने, बिघडली तर? एन्झाइम आतच राहतं, व्यवस्थित काम करतं आणि ती पेशी लॅक्टोजवर वाढते! म्हणजे कोट्यवधी पेशींत बिघडलेली शोधत बसायला नको, प्लेटवर जी कॉलनी वर येईल ती उचलायची. किती सुंदर आहे हे! अशाच म्युटंट्समधून ऑलिव्हर आणि बेकविथ यांना 1981 मध्ये सेक-ए मिळाला.

तुम्ही विचाराल, इतका गरजेचा जीन बिघडल्यावर पेशी जगली कशी? तर बिघाड अर्धवट होता, 30 डिग्रीला पेशी वाढायच्या, 42 ला बाहेर जायची प्रोटीन्स आतच साठायची आणि वाढ थांबायची.

पुढे कळलं की या जीनवरून बनणारं सेक-ए प्रोटीन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून प्रोटीनची साखळी सेक-वाय, ई, जी यांनी बनलेल्या वाटेतून ढकलतं, घडी न पडलेली, सुईत दोरा ओवावा तशी. घडी पडलेल्यांसाठी टॅट नावाचं वेगळं दार आहे, त्यावर नंतर बोलू.

आणि हो, लॅबमध्ये बॅक्टेरिया वाढू नयेत म्हणून बफरमध्ये सोडियम अझाइड घालतात ना, ते ई. कोलायमध्ये अडवतं ते मुख्यतः याच सेक-एला. अझाइडला दाद न देणारे म्युटंट्स तपासले, तर बदल सेक-ए जीनमध्येच निघाला. माणसाच्या पेशीत सेक-ए नाहीच, त्यामुळे नवीन अँटिबायोटिक शोधणारे आज त्याच्या मागे आहेत.