उंच बॉनेटखाली डिझेल

(दृश्य: निंबाखाली लोखंडी तिपाई, चेन कप्पी)

साखळी करकरते आणि जुनं पेट्रोल इंजिन चेसिसमधून वर येतं. चार सिलिंडर, 2,199 सीसी. इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. इंजिन उंच, म्हणून 1953 साली आलेल्या या सीजे-3बी जीपचं बॉनेटही उंच. आज पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसतंय, आणि तीच उंची कामी येणार आहे.

हिंगणघाटकडची ही गाडी. पावसाळ्यात काळ्या मातीत चारही चाकं ओढणारी जीप भंगारात काढणं म्हणजे दात शाबूत असलेला बैल बाजारात नेणं.

(दृश्य: डिझेल इंजिन, बाजूला गिअरबॉक्स)

हे एक्सडीपी 4.90, महिंद्राच्या नंतरच्या जीपांतलं. चार सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर, 2,112 सीसी. चार गिअरचा गिअरबॉक्स आणि बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं क्लचवरचं कवच, त्याच गाडीतून, जोडीनं घ्यायचं. वेगवेगळं जमवलं की गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग आणि क्लच प्लेटच्या खाचा जुळत नाहीत, आणि मग लेथवाल्याकडे खेपा.

(दृश्य: इंजिन चेसिसमध्ये उतरतं)

"घे, घे... बस!"

आता खरं काम, फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या आधारांचं. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस जुन्या जागीच ठेवली तर मागचा-पुढचा शाफ्ट कापावा लागत नाही. पण नव्या गिअरबॉक्सची लांबी इंजिनाला पुढे ढकलते आणि पंखा रेडिएटरला भिडू पाहतो. मध्ये 25 मिलिमीटर तरी हवेत. तेवढे मिळत नसतील तर रेडिएटर पुढे सरकवावा, इंजिन जास्त तिरकं करू नये. मागे तीन-चार अंश उतार पुरतो. ट्रान्सफर केसची आणि डिफरन्शिअलची फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची तबकडी, एकमेकींना समांतर राहिली पाहिजे. कोन चुकला की साठाच्या वेगाला गाडी थरथरते आणि शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या सुया झिजून जातात.

(दृश्य: जॅकवर चढलेला पुढचा अ‍ॅक्सल, सम्पखाली बोटं)

वेल्डिंगच्या आधी अ‍ॅक्सल जॅकनं चेसिसखालच्या, धक्का अडवणाऱ्या रबरापर्यंत उचलून बघायचा. सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, आणि डिफरन्शिअल यांच्यामध्ये दोन बोटं जात नसतील तर पहिल्याच नाल्यात सम्प फुटेल. डिझेल वजनदार, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पान वाढवलं, मगच हे माप घेतलं. आधी फक्त टाके, सगळं जागेवर बसलं की पक्कं वेल्डिंग, तेही फाउंडेशनचं रबर काढून. नाहीतर रबर जळतं.

(दृश्य: टाकी, पाइप, फिल्टर)

पेट्रोलची टाकी आतून धुतली. परतीची नळी नवी टाकली, कारण पंपातलं जादा डिझेल टाकीत परत जातं. सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणाऱ्या हीटर प्लगसाठी मोठी बॅटरी. मे महिन्यात पारा 45 वर असतो. रेडिएटरला तीन ओळींचा कोर आणि पंख्याभोवती पत्र्याचं कवच.

डिफरन्शिअल मात्र जुनाच, 43 आणि 8 दातांचा. साठाच्या वेगाला इंजिन साधारण 2,400 फेऱ्या घेतं. सडकेवर पळवायला हा मागे पडेल, पण शेतात कपाशीचं ओझं ओढायला हाच हवा.

कागद: मोटार वाहन कायदा, कलम 52. आरटीओची परवानगी आधी, बदलाची नोंद 14 दिवसांत.

(दृश्य: हातपंप)

नळीतली हवा काढायला फिल्टरचा स्क्रू सैल. फेस येतो, बुडबुडे येतात, मग सलग डिझेल. स्क्रू घट्ट. हीटर. किल्ली.

(दृश्य: शेताची वाट, जीप. फक्त इंजिनाचा आवाज)