बुलहेड सिटीची बंद दारे

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, मोहावी वाळवंटातून वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीच्या डाव्या तीरावर बुलहेड सिटी नावाचे एक गाव आहे. समोरच्या तीरावर नेवाडा राज्यातले लाफ्लिन आहे, आणि प्रवाहाबरोबर थोडे खाली गेले की कॅलिफोर्नियातले नीडल्स लागते. हिवाळ्यात या गावातून पूल ओलांडून लाफ्लिनला गेले की घड्याळ एक तास मागे करावे लागते. उन्हाळ्यात दोन्ही तीरांवर एकच वेळ असते, कारण नेवाडा आपली घड्याळे ऋतूप्रमाणे बदलते आणि ॲरिझोना बदलत नाही. या गावातल्या एका औषधांच्या दुकानात मी अठरा वर्षे फार्मासिस्ट म्हणून उभी होते. त्या काउंटरच्या पलीकडे जी माणसे आली, त्यांच्यामुळे तिथली गुन्हेगारी आणि अमली पदार्थ यांविषयी माझे जे मत बनले, ते आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

या तीरावरचे सर्वांत जुने रहिवासी मोहावी लोक. ते स्वतःला ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थच ‘नदीकाठची माणसे’ असा आहे, आणि त्यांची राखीव भूमी आजही ॲरिझोना, नेवाडा आणि कॅलिफोर्निया या तिन्ही राज्यांत पसरलेली आहे. बुलहेड सिटी त्या मानाने अगदी अलीकडची. १९४० च्या दशकात डेव्हिस धरण बांधायला आलेल्या कामगारांची ही छावणी; धरण १९५१ साली पूर्ण झाले, आणि बैलाच्या डोक्यासारख्या दिसणाऱ्या ज्या खडकावरून गावाला नाव मिळाले तो खडक धरणाच्या जलाशयात गेला. १९६४ साली डॉन लाफ्लिन नावाच्या गृहस्थाने समोरच्या तीरावरचे एक बंद पडलेले मोटेल विकत घेतले, त्याचा कसिनो केला, आणि पाहता पाहता त्या तीरावर कसिनोंची रांग उभी राहिली. कसिनो नेवाडात आणि तिथे राबणाऱ्यांची घरे ॲरिझोनात, अशी विभागणी तेव्हापासून आहे. १९८७ साली दोन तीरांना जोडणारा पूल झाला, तोही याच गृहस्थाच्या पैशातून.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, हे गाव दर थोड्या वर्षांनी कुणाच्या तरी निर्णयाने बदलत आले आहे, आणि तो निर्णय बहुधा गावाबाहेर झालेला आहे. लाफ्लिनमधले कोळशावर चालणारे मोठे वीजकेंद्र २००५ च्या अखेरीस बंद झाले, तेव्हा चांगल्या पगाराच्या शेकडो नोकऱ्या गेल्या. २०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे नेवाडातले सगळे कसिनो बंद झाले आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत बंदच राहिले. त्या अडीच महिन्यांत आमच्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जणांनी रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याऐवजी दहा दिवसांच्या मागितल्या, कारण दहा दिवसांपुरतेच पैसे हातात होते. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातली महाग घरे विकून माणसे इकडे येऊ लागली, इथल्या घरांची भाडी चढली, आणि ज्यांना ती परवडेनात ते आधी गाडीत आणि मग वॉशमध्ये राहायला गेले. वॉश म्हणजे एरवी कोरडा असणारा आणि पाऊस आला की क्षणात भरून वाहणारा ओढा.

गावात २०२० च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ४१ हजार माणसे राहतात. त्यांत निवृत्त माणसांचे प्रमाण मोठे आहे, आणि दर हिवाळ्यात थंड प्रदेशांतून जे वृद्ध येतात, ज्यांना तिथे ‘स्नोबर्ड’ म्हणजे हिमपक्षी म्हणतात, ते या आकड्यात धरलेलेही नसतात. एप्रिल संपत आला की ते परत जातात आणि त्यांची घरे ऑक्टोबरपर्यंत कुलपात राहतात. समोर लाफ्लिनला २९ जून १९९४ रोजी १२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ५२ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले होते. अशा उन्हात बंद घरांच्या ओळीतून दुपारी कुणी चालत जात नाही, आणि गेलेच तर त्याच्याकडे पाहायला खिडकीत कुणी नसते. वातानुकूलन यंत्रांतले तांबे, अंगणातली होडी, दारातली पार्सले अशा चोऱ्या अशाच ओळींतून होतात.

या चोऱ्यांचा आणि अमली पदार्थांचा संबंध आहे, हे मी नाकारणार नाही. मी कामाला लागले त्या वर्षी, २००६ साली, सर्दीच्या गोळ्यांविषयीचा केंद्र सरकारचा नवा कायदा लागू झाला. नाक मोकळे करणारे स्यूडोएफेड्रिन हे औषध मेथ, म्हणजे मेथॅम्फेटामीन हा उत्तेजक अमली पदार्थ, तयार करण्यासाठी वापरले जात असे. त्या काळी मोहावी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, वाळवंटात ट्रेलरमध्ये, शेडमध्ये मेथ शिजवणारे पुष्कळ होते. कायद्याने ती गोळी काउंटरच्या मागे गेली. ओळखपत्र पाहायचे, नोंदवहीत सही घ्यायची, एका माणसाला दिवसाला ३.६ ग्रॅमपेक्षा जास्त द्यायचे नाही. ती वही मी रोज भरत असे. सुरुवातीला तिचा उपयोग मर्यादितच होता, कारण आमच्याकडे नाकारलेला माणूस पूल ओलांडून दुसऱ्या राज्यात जाऊ शकत असे आणि तिथल्या वहीला आमची वही ठाऊक नसे. तरीही स्थानिक भट्ट्या कमी झाल्या. मेथ मात्र कमी झाले नाही. ते मेक्सिकोतल्या मोठ्या कारखान्यांतून येऊ लागले, पूर्वीपेक्षा शुद्ध आणि स्वस्त.

मेथ आणि ऊन यांचे नाते बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. हा पदार्थ शरीराचे तापमान वाढवतो आणि तहान-थकव्याची जाणीव बोथट करतो, त्यामुळे वॉशमध्ये राहणारा माणूस सावली शोधायची त्या वेळी चालतच राहतो. फिनिक्स शहर ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथे २०२३ साली उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले, आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश मृत्यूंत अमली पदार्थ किंवा मद्य यांचा वाटा होता. असा मृत्यू गावात ‘उन्हाने गेला’ एवढ्यावरच सांगितला जातो, आणि पुष्कळदा तेवढेच सांगणे घरच्यांना सोसते.

मेथनंतर फेंटानिल हे अतिशय तीव्र वेदनाशामक रसायन अमली पदार्थ म्हणून आले. त्याआधी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचा काळ होता, आणि त्या काळाविषयी बोलताना मी स्वतःला वगळू शकत नाही. त्या गोळ्या मीच मोजून दिल्या. पाठदुखी असलेल्या कामगाराला, गुडघे गेलेल्या वेट्रेसला महिन्यामागून महिने त्या मिळत राहिल्या. जून २०१७ मध्ये ॲरिझोनाच्या राज्यपालांनी अशा पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंमुळे आणीबाणी जाहीर केली, आणि २०१८ च्या कायद्याने नव्या रुग्णाला पहिल्या चिठ्ठीवर सर्वसाधारणपणे पाच दिवसांपेक्षा जास्त गोळ्या देण्यास मनाई झाली. कायदा योग्यच होता. पण जे आधीपासून अडकलेले होते त्यांच्यासाठीही डॉक्टर हात आखडते घेऊ लागले. चिठ्ठी मिळेना, तेव्हा काहींनी रस्त्यावर तशाच दिसणाऱ्या गोळ्या शोधल्या. निळ्या रंगाच्या, एका बाजूला एम आणि दुसऱ्या बाजूला ३० असा आकडा असलेल्या त्या गोळ्यांना सगळे ‘ब्लूज’ म्हणतात. ऑक्सिकोडोन या चिठ्ठीवरच्या वेदनाशामकाची हुबेहूब नक्कल असलेल्या या गोळ्यांत असते फेंटानिल, ज्याचे दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे मोजके कण, सवय नसलेल्या माणसाचा श्वास थांबवायला पुरेसे ठरू शकतात.

गाव अशा वेळी पोलिसांकडे पाहते, आणि ते स्वाभाविकच आहे. पण या नदीवर पोलिसांचे काम किती गुंतागुंतीचे आहे ते पाहा. बुलहेड सिटीचे पोलीस वेगळे, गावाबाहेर मोहावी काउंटीचा शेरीफ, पुलापलीकडे लास व्हेगासचे महानगर पोलीस, नीडल्सला सॅन बर्नार्डिनो काउंटीचा शेरीफ, आणि मोहावी लोकांच्या भूमीवर त्यांचे स्वतःचे पोलीस. एकमेकांच्या हद्दी सांभाळत, संयुक्त पथके करत ही मंडळी काम करतात, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. मात्र जानेवारी २०१९ मध्ये ॲरिझोनातल्या नोगालेसला, मेक्सिकोच्या सीमेवर, काकड्यांच्या ट्रकच्या खोट्या तळाखाली २५४ पौंड, म्हणजे सुमारे ११५ किलो फेंटानिल सापडले. अमेरिकेच्या सीमेवर फेंटानिलचा इतका मोठा साठा तोपर्यंत सापडलेला नव्हता. ती बातमी वाचून मी हिशेब मांडू लागले आणि मध्येच थांबले, कारण दोन मिलिग्रॅमने भागल्यावर येणारी संख्या कोट्यवधींत जात होती. जो पदार्थ इतक्या थोड्या जागेत मावतो, तो एखाद्या पुलावर किंवा महामार्गावर पूर्णपणे अडवता येईल, असे मला वाटत नाही.

गावाने दुसरा उपाय केला तो दारांचा. गेल्या काही वर्षांत कॅमेरे लागले, कुंपणे उंच झाली, अनोळखी माणसाला दार न उघडण्याची सवय अंगवळणी पडली. नव्याने आलेल्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. कॅलिफोर्नियाच्या नंबरची गाडी दोन दिवस एका जागी उभी राहिली की चर्चा सुरू होते. मी स्वतः अशा घरात एकटी राहिले आहे, आणि रात्री अंगणात पावले वाजली की काय वाटते ते मला ठाऊक आहे, त्यामुळे या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. परंतु काउंटरवरून मला जे दिसले ते असे की, ज्या घरांत मृत्यू झाले त्यांतली बहुतेक दारे आधीपासूनच बंद होती. फेंटानिलने मरणारा माणूस बहुधा एकटा असतो. शेजाऱ्याला नाव ठाऊक नसते, भाऊ दुसऱ्या राज्यात असतो, आई रात्रपाळीला पुलापलीकडे गेलेली असते.

आणि उपायाचे स्वरूपही नेमके याच्या उलट आहे. नॅलोक्झोन नावाचे औषध फेंटानिलने थांबलेला श्वास काही मिनिटांत परत आणू शकते. मार्च २०२३ मध्ये त्याच्या नाकात मारायच्या फवाऱ्याला चिठ्ठीशिवाय विकण्याची परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षी दोन फवाऱ्यांची डबी सुमारे ४५ डॉलरला आमच्या फळीवर आली. पण हे औषध बेशुद्ध माणसाला स्वतःला घेता येत नाही. ते देणारा हात दुसऱ्या कुणाचा तरी असावा लागतो, आणि तो त्या खोलीत, त्या दहा मिनिटांत पोहोचावा लागतो. मदत बोलावणाऱ्यावर पदार्थ बाळगल्याचा गुन्हा लावू नये, असा कायदाही ॲरिझोनाने २०१८ साली केला, तरी पोलिसांच्या भीतीने फोन न केल्याच्या हकिगती मी त्यानंतरही ऐकल्या.

व्यसनातून बाहेर काढणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाबाबतही आम्ही मागे राहिलो. ते लिहून देण्यासाठी डॉक्टरांना लागणारी वेगळी परवानगी २०२२ च्या अखेरीस केंद्र सरकारने रद्द केली. मी जिथे होते तिथे मात्र ‘तसली गिऱ्हाइके नकोत’ या विचाराने ते पुरेसे मागवले जात नसे, आणि मी त्याविरुद्ध बोलायला हवे होते त्यापेक्षा फार उशिरा बोलले. चिठ्ठी हातात घेऊन आलेल्या माणसाला ‘सोमवारी या’ असे सांगितले आहे, आणि सोमवारी तो आलेला नाही, असे माझ्या हातून दोनदा घडले.

२०२३ च्या थंडीत एक सत्तरीच्या बाई नॅलोक्झोनची डबी घ्यायला आल्या. मागे रांग होती, म्हणून त्या काउंटरवर पुढे वाकून हळू आवाजात बोलत होत्या. कसिनोत भांडी धुणारा त्यांचा नातू त्यांच्या मोबाइल होममध्ये राहत होता. मी त्यांना नेहमीप्रमाणे सगळे सांगितले: माणसाला पाठीवर झोपवा, मान थोडी मागे करा, नळी एका नाकपुडीत पूर्ण घालून एकदाच दाबा, ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन करा, श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा फवारा मारा. औषधाचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि फेंटानिल त्यानंतरही अंगात असू शकते, म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सोडून जाऊ नका. बाईंनी सगळे लक्ष देऊन ऐकले, आणि मग विचारले, “पण तो न्हाणीघरात असला आणि आतून कडी लावलेली असली तर?”

मला उत्तर सुचले नाही. दार ठोठवत राहा, एवढेच मी म्हणाले.

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. नातू बरा होता, कामावर जात होता. पहिल्या डबीतला एक फवारा त्यांनी समोरच्या घरातल्या बाईंकडे ठेवायला दिला होता. त्या बाईंशी चार वर्षांत त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. शिवाय घरात पेचकस सापडला नाही म्हणून तोही त्यांनी त्यांच्याकडूनच मागून आणला होता, आणि न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढून टाकली होती. त्या दिवशी त्यांना आणखी एक डबी हवी होती, त्या समोरच्या बाईंसाठी.

नमस्कार.