आधी माल, मग रूळ

नमस्कार मंडळी. वेळ कमी आहे, त्यामुळे थेट विषयालाच हात घालतो. खऱ्या कारखान्यावरून मॉडेल रेल्वेचा लेआउट करायचा म्हटलं की आपण काय करतो, सॅटेलाइट फोटो उघडतो, त्यातले रूळ मोजतो आणि तेच्या तेच टेबलावर बसवायच्या मागे लागतो. आता एचओ स्केल म्हणजे 1:87, त्यात एक किलोमीटरचा कारखाना साडेअकरा मीटर होतो, एवढी खोली आहे कुणाकडे? मग कापाकापी सुरू होते, आणि नेमकं जे कापायला नको तेच कापलं जातं.

माझं म्हणणं सोपं आहे. रूळ नंतर बघा, आधी माल बघा. कारखान्यात काय येतं, कशातून येतं, कुठल्या दाराला लागतं, रिकामं होऊन किती वेळाने निघतं.

कागदाची गिरणी घ्या. मॉडेलवाल्यांची ही लाडकी, आणि उगाच नाही, एकाच कंपाउंडमध्ये किती प्रकारचे डबे येतात बघा ना. लाकडाच्या चिप्स उघड्या उंच वॅगनमधून, कॉस्टिक सोडा टँकरमधून, कागदाला गुळगुळीतपणा देणारी चिनी माती पाण्यात कालवलेली ती पण टँकरमधूनच, स्टार्च झाकणाच्या हॉपरमधून, म्हणजे खालून रिकाम्या होणाऱ्या डब्यातून, बॉयलरला कोळसा, आणि बाहेर जाणारे कागदाचे रोल बंद डब्यांतून. प्रत्येकाची जागा ठरलेली. कॉस्टिकचा टँकर कोळशाच्या लाइनीवर नेऊन उभा केला तर त्याचा उपयोग शून्य, कारण पाइप तिथे नाही. ही जी ठरलेली जागा आहे ना, तिच्यावरच सगळा खेळ उभा आहे.

आता रोलच्या डॉकजवळ, म्हणजे डब्यात रोल चढवायच्या धक्क्याजवळ, जाऊन बघू. समजा शेडमध्ये एका लाइनीवर चार दारं आहेत, चार डबे लागलेत. एक आणि तीन नंबरचे भरले, दोन आणि चार अर्धेच झालेत. इंजिन आलं. तीन नंबर काढायचा तर वाटेतले सगळे बाहेर ओढावे लागणार, भरलेले बाजूला काढायचे, नवे रिकामे त्यांच्या जागी घ्यायचे, आणि अर्धे भरलेले परत त्यांच्याच दाराला, डब्याचं दार डॉकच्या दारासमोर येईल असे लावायचे, नाहीतर फोर्कलिफ्ट आत जाणार कशी? चार डब्यांचं काम, पण टेबलावर आरामात वीस-पंचवीस मिनिटं जातात. आणि यासाठी रूळ किती लागला, एक सरळ लाइन आणि डबे बाजूला ठेवायला जवळच अजून एक. बस.

वरून रोलसाठी आलेला रिकामा डबा आधी तपासतात. आत खिळा वर आलेला असेल, जमीन ओली असेल तर डबा नापास, कारण एक खिळा अख्खा रोल फाडतो. कुठला डबा कुठे न्यायचा हे सांगणारी जी कार्डं आपण खेळताना वापरतो, त्यांच्या गठ्ठ्यात एखादं ‘नापास’ कार्ड टाकून ठेवा, मग बघा ऐनवेळी प्लॅन कसा बदलतो ते.

इथे एक गोष्ट जरा स्पष्टच बोलतो. शंटिंगची, म्हणजे डबे मागेपुढे करून हव्या त्या क्रमाने लावायची कोडी आपल्याला आवडतात. अ‍ॅलन राइट यांचं इंगलनुक नावाचं कोडं तर अप्रतिम आहे, तीन सायडिंग म्हणजे डबे उभे करायच्या बाजूच्या लाइनी, पाच-तीन-तीन डब्यांची, एकूण डबे आठ, त्यातले पाच सांगितलेल्या क्रमाने लावायचे, आणि असे क्रम होतात 6720. फुटभर रुंदीच्या फळीत मावतं! पण कारखान्याच्या लेआउटमध्ये मुद्दाम उलटसुलट सायडिंग घालून कोडं करू नका. खऱ्या कारखान्याचा इंजिनिअर रूळ टाकतो तो काम कमी व्हावं म्हणून, त्याला कोडी घालायची हौस नसते. अडचण यावी ती कामातून, रुळातून नको.

मग छोटं करताना काय कापायचं? दहा दारांची चार करा, पण वेगवेगळ्या मालाच्या जागा शक्यतो सगळ्या ठेवा. पन्नास फुटी डबा एचओमध्ये कपलरसकट अठरा-वीस सेंटिमीटर धरा, म्हणजे चार दारांचा डॉक साधारण ऐंशी सेंटिमीटर झाला. इमारती अर्ध्या कापून भिंतीला चिकटवल्या तरी चालतं. वळणांचं म्हणाल तर कारखाना आपल्याला माफ करतो, आपलं पंचेचाळीस सेंटिमीटर त्रिज्येचं वळण म्हणजे प्रत्यक्षात चाळीसच मीटर झालं, मुख्य लाइनीवर ते हास्यास्पद दिसतं, पण कारखान्यात मुळातच वळणं आवळलेली असतात त्यामुळे फार खटकत नाही. बंद डबे आणि टँकर यांचा अजून एक फायदा, भरलेले की रिकामे हे बाहेरून कळतच नाही. चिप्स आणि कोळशाचं मात्र काहीतरी करावं लागतं, फोमच्या तुकड्यावर माल चिकटवून खाली लोखंडी पट्टी लावा, चुंबकाने उचलला की डबा रिकामा.

माहिती कुठून काढायची असं नेहमी विचारतात. अमेरिकेतला जुना कारखाना असेल तर सॅनबॉर्न कंपनीचे आगीच्या विम्याचे नकाशे बघा, बहुतेक 50 फुटाला एक इंच या प्रमाणात, कुठल्या शेडमध्ये काय चालतं तेसुद्धा लिहिलेलं असतं. आजच्या कारखान्यासाठी सॅटेलाइट फोटो आहेतच, पण रूळ बघू नका, डबे कुठे उभे आहेत ते बघा. वेगवेगळ्या वर्षांचे फोटो लावून बघितले की कुठली लाइन खरंच वापरात आहे ते कळतं.

आणि वेग! यार्डात ताशी दहा किलोमीटर म्हणजे एचओमध्ये सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर, डब्याला स्वतःच्या लांबीइतकं सरकायला सहा सेकंद लागले पाहिजेत. एवढ्या हळू चालवायचं तर पॉइंटच्या (रूळ बदलायच्या सांध्याच्या) फ्रॉगला, म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला, करंट हवाच, प्लास्टिकच्या फ्रॉगवर छोटं इंजिन अडकलंच म्हणून समजा.

शेवटचं, निळा झेंडा. अमेरिकेत डब्यावर किंवा डब्याखाली माणसं काम करत असली की निळा झेंडा लावतात, तो असेपर्यंत त्या डब्याला हात लावायचा नाही, आणि ज्यांनी लावला त्यांनीच काढायचा. टँकरच्या सायडिंगवर टाचणीला निळा कागद लावून ठेवा, आणि तो काढायचा अधिकार इंजिन चालवणाऱ्याला देऊ नका, दुसऱ्या कुणाला तरी द्या. चला, आता प्रश्न घेऊ.