मुठेचा काठ आणि एक अर्ज

नमस्कार श्रोतेहो, विशेषतः शाळा-कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींनो. मुठेकाठच्या राडारोड्याबद्दल महापालिकेला लिहायचं ठरवताय? मग आधी पानशेतची गोष्ट ऐकाच.

१९६१चा जुलै. पुण्याच्या वरच्या अंगाला, मुठेच्या खोऱ्यातलं पानशेतचं मातीचं धरण. काम पुरतं झालेलं नाही, आणि पावसाचं पाणी तर चढत चाललेलं. बांध खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान त्यावर वाळूची पोती रचत राहिले. माती खाली बसायची, की वर पुन्हा पोतं. धरण काही वाचलं नाही. १२ तारखेच्या सकाळी फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही फुटलं, आणि नारायण, शनिवार, कसबा पेठांत पाणी घुसलं. पण फुटलं ते दिवसाउजेडी! माणसं जागी होती, उंचावर पळू शकली. हेच मध्यरात्री झालं असतं तर? त्या पोत्यांनी पुण्याला काही तास मिळवून दिले. तेवढ्या तासांनी किती जीव वाचवले असतील!

पूर आला की नदी काठावर पसरते. तिथेच आपण विटा-सिमेंटचा भराव टाकतो. पात्र अरुंद झालं की तेवढंच पाणी जास्त उंच चढतं.

आता अर्ज. एका अर्जात एकच मागणी: ढीग उचला. पुन्हा सांगतो, एकच मागणी. दिवे, बाक, झाडं सगळं एकत्र लिहिलंत, की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.

फोटोत ढिगामागे पुलाचा खांब किंवा घाटाची पायरी येऊ द्या, म्हणजे जागेवरून वाद होत नाही. अर्ज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, प्रत जलसंपदा विभागाला. पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ती रेषा, तेच आखतात. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय परत फिरू नका.

महिनाभरात हालचाल नाही? माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तो शाळेच्या नावाने नको, आई-बाबांपैकी कुणाच्या तरी नावाने द्या. ‘ढीग का उचलला नाही’ असं विचारू नका, ‘का’चं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. कागद मागा. आमच्या अर्जावर कोणत्या तारखेला, कुणी, काय शेरा मारला, त्याच्या प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील. तेही पुढच्या ३० दिवसांच्या आत.