दहा नंबरचा प्लॅटफॉर्म आणि पस्तिशीतलं एमबीए

ठाणे स्टेशन, दहा नंबरचा प्लॅटफॉर्म, सकाळचे आठ. कोपरीतून चालत येऊन पनवेलची गाडी पकडायची, ऐरोलीला उतरायचं आणि आयटी पार्कात शिरायचं, ही आमची मैत्रीण गेली ११ वर्षं हेच करतेय. कोडिंग करायला लागली होती, आज १४ जणांची टीम सांभाळते. वय ३५.

आणि आता तिला एमबीए करायचंय, बाहेर जाऊन.

ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला, अगं या वयात? प्रश्न अगदीच चुकीचा नाही, अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमबीएला बहुतेक जण चार-पाच वर्षांच्या अनुभवावर येतात आणि दोन वर्षं पगार बंद हे काही छोटं प्रकरण नाही. पण म्हणून वय निघून गेलं असं कोणी म्हणालं तर मला ते अजिबात पटत नाही. इन्सियाड या बिझनेस स्कूलचं एमबीए १० महिन्यांत होतं, फ्रान्समध्ये आणि सिंगापूरमध्ये. अमेरिकेतल्या एमआयटीचा स्लोन फेलोज प्रोग्रॅम तर मुळात अशाच मुरलेल्या लोकांसाठी आहे आणि तो १९३० च्या दशकापासून चालू आहे. अमेरिकेत शिकून झाल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, कोर्स स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित यांत मोडत असेल तर अजून २४, हे तिने कॉलेजं निवडायच्या आधीच वहीत लिहून ठेवलंय.

पहाटे पाच. किचनच्या ओट्याशेजारी टेबल, त्यावर मोबाईलचा टायमर. जीमॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा, आता सव्वादोन तासांची, ४५ मिनिटांचे तीन भाग, एकूण ६४ प्रश्न. चुकलेल्या प्रश्नापुढे ती पेन्सिलने कारण लिहिते. घाई केली. नीट वाचलं नाही. आलंच नाही. पानंच्या पानं अशी भरलीत.

खरी गाडी अडली ती कॉलेजच्या अर्जातल्या निबंधावर. पहिल्या ड्राफ्टमध्ये नुसतं जावा, क्लाउड, मायग्रेशन, म्हणजे बायोडेटाच परत लिहिलेला. मग बोलता बोलता तिला ती रात्र आठवली, क्लायंट कॉलवर बसलेला, सगळे म्हणतायत सॉफ्टवेअर रिलीज करून टाक, आणि हिने थांबवलं कारण पेमेंटचे आकडे जुळत नव्हते. लोक चिडले, पहाटे चूक सापडली. तेव्हा पोटात गोळा आला होता, तरी थांबवायचं कसं ठरवलं, ते तिने लिहिलं. नवीन टेक्नॉलॉजी काय, कोणीही सहा महिन्यांत शिकतो, पण अशी रात्र चार वर्षांच्या अनुभवात क्वचितच वाट्याला येते.

रविवार. बाबांनी लोखंडी कपाट उघडलंय. प्लास्टिकच्या पिशवीतून फ्लॅटचं अॅग्रीमेंट निघतं, नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू निघतो, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट निघतं. एवढ्या मोठ्या कर्जाला बँकेने तारण मागितलंय.

"बाबा, राहू द्या ना, मी विनातारण मिळतंय का बघते."

"त्याचं व्याज बघितलंस का?"

ती काहीच बोलत नाही. बाबा सर्टिफिकेटची घडी तळहाताने सरळ करत बसतात, दोनदा, तीनदा. मग म्हणतात, "सेक्रेटरींची एनओसी लागेल. ते नऊ वाजता पूजा आटोपून बसतात, तोवर तू झेरॉक्स काढून आण."

ती पिशवी छातीशी धरून जिना उतरते.