वीज कुठे अडली?

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की सांगली-मिरजेच्या जुन्या घरांतल्या माळ्यांवरून बंब उतरतात, पितळी डबे उतरतात, आणि एखाद्या घरात एक जड पेटी उतरते. पेटीत असतो घरगुती सिनेमाचा प्रोजेक्टर. कोडॅकनं आठ मिलिमीटरची फिल्म १९३२ साली आणली, १९६५ साली तिची सुधारित आवृत्ती सुपर एट आली. आपल्याकडची जी माणसं शिकायला किंवा नोकरीसाठी परदेशी गेली, त्यांतली काही येताना हे यंत्र घेऊन आली. आता नातवंडं पेटी उघडतात, वायर बोर्डाला लावतात, बटण फिरवतात. दिवा लागत नाही, घरघर ऐकू येत नाही. लगेच निकाल लागतो, "मोटर जळाली."

श्रोतेहो, हे वाक्य सगळ्यात शेवटी उच्चारायचं. वीज बोर्डातून निघते आणि मोटरपर्यंत पोचते, त्या वाटेवर ती कुठे अडली ते शोधायचं. आधी बाहेर, मग आत. पुन्हा सांगतो, आधी बाहेर, मग आत.

वायर लावण्याआधी यंत्राच्या पाठीवरची किंवा पोटाखालची पट्टी वाचा. नुसतं ११० किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल तर ते बहुधा अमेरिकेतलं यंत्र. आपल्या २३० व्होल्टवर ते थेट लावायचं नाही. त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तोही दमदार, कारण जुन्या प्रोजेक्टरचा नुसता दिवाच ५०० वॉटचा असू शकतो.

मग वायर. चाळीस-पन्नास वर्षांत रबर कडक होतं, वाकवलं की भेगा पडतात. अशी वायर तपासत बसू नका, बदला. मग फ्यूज. काचेची छोटी नळी असते, यंत्र बोर्डापासून सोडवून ती काढा, आतली तार तुटली आहे का बघा. शंका असेल तर मल्टीमीटर, म्हणजे वीज तपासायचं मीटर लावा. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज 'चालू' केलेली यंत्रं मी पाहिली आहेत. असं कधीही करू नका, त्यानं घर पेटतं.

आणि त्यानंतर येतो व्होल्टेज सिलेक्टर, म्हणजे यंत्र किती व्होल्टवर चालवायचं ते ठरवणारी चकती. याच्याबद्दल मला सांगलीच्या गावभागातल्या एका घरातली गोष्ट सांगायची आहे.

त्या घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. यजमान इंजिनिअर होते, तरुणपणी जर्मनीत शिकून आले, येताना कॅमेरा आणि प्रोजेक्टर घेऊन आले. ते गेल्यावर पेटी माडीवर गेली. २०१९ च्या पुरात खालच्या खोल्यांत कृष्णेचं पाणी शिरलं, पेटी माडीवर होती म्हणून वाचली. इथं एक बोलून घेतो. पुराचा इशारा आला की आपण आधी टीव्ही आणि गाद्या वर नेतो. माझं म्हणणं, आधी फोटोंचे अल्बम आणि फिल्मची रिळं वर न्या. टीव्ही पुन्हा विकत मिळतो. असो.

नातू पुण्याला असतो. त्यानं तिकडं एका दुकानात यंत्र दाखवलं. दुकानदारानं न उघडताच सांगितलं, मोटर गेली, आता शोपीस म्हणून ठेवा. आजींना ते पटेना. "माडीवर जाताना चालू होतं, बसल्या जागी कसं जळेल?" असं त्या म्हणत होत्या, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता.

मला बोलावलं. वायर बदलली, फ्यूज बघितला, ठणठणीत. तरी यंत्र गप्प. मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "खेळ संपला की हे चार आण्याच्या नाण्यानं खाली काहीतरी फिरवून ठेवायचे. पोरं हात लावतात म्हणायचे."

यंत्र आडवं केलं. पोटाशी एक काळी चकती, मधे नाण्याच्या कडेएवढी खाच, भोवती आकडे: ११०, १३०, १५०, २२०, २४०. चकतीवरचा बाण कुठल्याच आकड्यावर नव्हता, १५० आणि २२० च्या मधे उभा होता. तिथं आत कुठलाच जोड लागत नाही, वीज तिथंच थांबते. त्या गृहस्थांनी हे मुद्दाम केलं होतं. मुलं वायर लावतील, बटण दाबतील, पण यंत्र चालणार नाही आणि कुणाला धक्काही बसणार नाही. ते गेले आणि कुलूप तसंच राहिलं.

बाण २४० वर घेतला. आपल्याकडे व्होल्टेज कधी कधी चढं असतं, म्हणून वरचा आकडा बरा. मग सिरीज दिवा लावला. म्हणजे जुना शंभर वॉटचा पिवळा बल्ब यंत्राच्या वाटेत जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. आमचा मंद लागला. मग थेट जोडलं. मोटर गुणगुणली, पण फिरेना. ताबडतोब बंद केलं, कारण अडलेली मोटर चालू ठेवली की ती खरोखरच जळते. बाजूची मूठ हातानं फिरवून पाहिली, जड. जुनं ग्रीस सुकून घट्ट बसलं होतं. ते पुसून काढलं, हलकं मशीन ऑइल थेंब थेंब सोडलं, मूठ हळूहळू सैल होत गेली. पुन्हा बटण फिरवलं आणि घरघर सुरू झाली.

भिंतीवर चादर लावली. एकेक रीळ साधारण चार मिनिटांचं, मुकं. कृष्णेचा घाट, लांबवर आयर्विन पूल, गणपती मंदिरापुढची गर्दी, तुळशीपाशी उभ्या आजींच्या सासूबाई. आजी एकेकाचं नाव घेत होत्या, ही कोण, तो कुणाचा कोण, होडी वल्हवणारा कुठल्या आळीतला. नातवानं मोबाईलवर सगळं बोलणं रेकॉर्ड केलं. तुम्हीही हे जरूर करा. फिल्म मुकी आहे, आणि चेहरे ओळखणारी माणसं थकत चालली आहेत.

तर श्रोतेहो, आधी पट्टी, मग वायर, मग फ्यूज, मग सिलेक्टर. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचं. एवढ्यानं भागलं नाही तर बटणाच्या आतले संपर्क काळे पडलेले असू शकतात. ते काम जाणत्या मेकॅनिककडं द्या. वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, बोट घालू नका. मोटर फिरते पण दिवा लागत नाही, तर बिघाड वेगळा, दिवा बदला. हॅलोजन दिवा उघड्या बोटांनी धरू नका, कापडानं धरा. मोटर फिरते पण चाकं फिरत नाहीत, तर आतला रबरी पट्टा वितळून काकवीसारखा झालेला असणार. तो खरवडून नवा घालावा लागतो.

प्रोजेक्टरमध्ये एलईडी बसवून टेबललॅम्प करण्याची आता टूम निघाली आहे. मला ते बघवत नाही. चालू शकणारं यंत्र चालूच राहिलं पाहिजे.

आणि रीळ चढवण्याआधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म सडायला लागली आहे. ते रीळ प्रोजेक्टरवर चढवू नका, बाकीच्या रिळांपासून लांब ठेवा, आणि त्याची डिजिटल प्रत सगळ्यात आधी करून घ्या. नमस्कार.